वेगळ्या भेटीतलं बोलणं

१

मेलेल्या माणसाची वाट बघत तिघं बसले होते. फक्त तो मेलाय हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

न्यायालयाच्या मागच्या अंगाला, जुन्या दप्तरखान्याला रंग फासून मध्यस्थीसाठी केलेली ती खोली. टेबल गोल, म्हणजे कुणी कुणाच्या समोर ठाकलंय असं वाटू नये. टेबलावर पाण्याचा जग आणि कागदी रुमालांचा डबा, कारण माणसं भांडतात न्यायालयात आणि रडतात इथे येऊन. मधल्या खुर्चीत मध्यस्थ. वय तिशीच्या आतबाहेर, घरी एक लहानगी लेक, पण खुर्चीचा मान म्हणून पिकल्या केसांची माणसंसुद्धा तिला बाईच म्हणायची.

तिच्या एका हाताला वकीलसाहेब. त्यांचे पक्षकार म्हणजे थोरले भाऊ. ते सगळ्यांचे दादा. दुसऱ्या हाताला धाकटा भाऊ, खुर्चीच्या अगदी कडेवर, उठून जायच्या तयारीत. दोघांमध्ये वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. वडील गेले, कारखाना धाकट्याच्या ताब्यात राहिला, दादांनी दावा लावला, आणि दावा इतका जुना झाला की भाऊ एकमेकांना वकिलांच्या तोंडूनच ओळखू लागले.

मग गेल्या तारखेला न्यायाधीशांनी सहज विचारलं होतं, "निकालाची वाट बघताय, की बसून बोलताय?" असं ते सगळ्यांनाच विचारतात. दादा काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "बसून बोलतो." वकीलसाहेबांच्या हातातला चष्मा खाली पडला होता.

काल पहिली बैठक झाली. आज दुसरी. आणि दादांची खुर्ची रिकामी.

"बाई, आमचे पक्षकार काल संध्याकाळपासून घरी नाहीत," वकीलसाहेब म्हणाले. "चिरंजीव गावभर शोधतायत. आता ज्याला ठाऊक असेल त्याला ठाऊक."

"माझ्याकडे कशाला बघताय?" धाकटा उसळला. "दादा माझ्याकडे येईल? माझं तोंड दिसू नये म्हणून तो रस्ता बदलतो!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कारखान्यातून मिस्त्रींचा होता. त्यानं ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"कोठी उघडली," तो म्हणाला. "दादा आत आहे."

२

कोठी म्हणजे बर्फाच्या लाद्या रचून ठेवायची खोली. वकीलसाहेबांच्या गाडीतून तिकडे जाताना बाई मागच्या सीटवर बसली होती आणि तिच्या कानात कालचं बोलणं घुमत होतं.

मध्यस्थीत एकत्र बैठक होते, तशी वेगळी भेटही होते. एकेका बाजूला मध्यस्थ एकटीच भेटते. तिथे माणूस मनातलं बोलतो, कारण सुरुवातीलाच त्याला शब्द दिलेला असतो: इथलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय समोरच्याच्याच काय, न्यायाधीशांच्याही कानावर जाणार नाही.

काल दादांनी त्या भेटीआधी वकिलांनाही बाहेर काढलं होतं.

"वकीलसाहेब, तुम्ही जाऊन चहा घ्या."

"पक्षकाराला असं एकटं सोडणं म्हणजे—"

"माझ्या लग्नाला नव्हती एवढी माणसं माझ्या भांडणाला आहेत. जा हो."

दार लागल्यावर दादांनी काठी टेबलाला टेकवली. मग म्हणाले, "कारखाना त्याला देऊन टाका."

"सगळा?"

"बर्फ कुणी अर्धा अर्धा वाटून घेतलाय का बाई? वाटेपर्यंत पाणी होतं."

"आणि बदल्यात तुम्हाला काय हवं?"

"त्यानं मला दादा म्हणावं. बस." पाण्याच्या ग्लासाकडे त्यांनी हात नेला. तो वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता. बाईनं ग्लास जवळ सरकवला. "बघताय ना? सदऱ्याची बटणंसुद्धा दुसऱ्यानं लावायची. हे हात घेऊन मी कारखाना चालवणार!"

"हे त्यांना आत्ताच सांगू?"

"आज नको. आधी घरी सांगतो. घरच्यांनी माझ्यापायी सगळं आयुष्य या दाव्याच्या खुंटीला टांगून ठेवलंय. त्यांना माझ्या तोंडून कळू दे. उद्या सकाळी तुम्ही त्याला सांगा. आणि सही करण्याआधी एकदा आत जाऊन येणार आहे. माझी जुनी किल्ली आहे अजून, कुणी मागितलीच नाही. बापानं उभं केलेलं यंत्र आहे ते. डोळे भरून बघून घेतो."

जाताना त्यांनी दारातून वळून विचारलं होतं, "तोवर शब्द फुटणार नाही ना?"

"नाही फुटणार," ती म्हणाली होती.

३

कारखान्याच्या फाटकापासूनच अमोनियाचा वास नाकात चढत होता. आत यंत्र धडधडत होतं. माणूस मेला म्हणून बर्फाचं यंत्र कुणी बंद करत नाही.

दादा दोन रांगांच्या मधल्या वाटेत बसल्यासारखे होते, पाठ लाद्यांना टेकलेली. अंगावर कामगारांचा जाड कापसाचा कोट. तो गळ्यापर्यंत नीट बंद केलेला, कॉलर सारखी केलेली. बाईनं एकदाच बघितलं आणि मान फिरवली, पण तो नीटनेटका कोट डोळ्यांसमोरून हलेना.

फौजदार दारापाशी उभे होते. "दार आतून उघडत नाही?"

"उघडतं," मिस्त्री म्हणाले. "आतून दांडा ढकलला की उघडतं. पण बाहेरच्या कडीत लोखंडी खुंटी घातली की दांडा जाम. आत माणूस असताना ती घालायची नसते, साहेब. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं."

"आणि आज सकाळी?"

"घातलेली होती."

"बाहेरचं फाटक?"

"कुलूप होतं. नेहमीसारखं."

संध्याकाळची पाळी संपली की यंत्र आपलं आपण चालतं, कारखान्यात माणूस नसतो. किल्ल्या दोघांकडे, मिस्त्रींकडे आणि धाकट्याकडे. मिस्त्री काल पाळी संपवून सगळ्या कामगारांबरोबरच निघाले होते आणि त्यांच्याच चाळीत झोपले होते. धाकटा घरी एकटा होता. दादांच्या अंगावर किल्ली सापडली नाही.

"म्हणजे त्यांना आत कुणीतरी घेतलं," फौजदार म्हणाले आणि धाकट्याकडे वळले. "भावाला बोलावलंत, गोड बोललात, कोटही घातलात. असंच ना?"

"मी बोलावलं नाही," धाकटा म्हणाला. "बोलावलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतंय आत्ता."

तेव्हाच फाटकातून दादांची बायको आली. तिला सगळे वहिनी म्हणत. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, आणि तिला धरून तिचा मुलगा. त्याला कारखान्यात जुनी माणसं 'युवराज' म्हणायची. वहिनी कोठीपर्यंत गेलीच नाही. पायरीवर बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. युवराज मात्र आत जाऊन आला, आणि बाहेर येताच काकावर धावून गेला. चार माणसांनी त्याला आवळून धरलं.

"एक दिवस दम धरवला नाही तुला?" तो ओरडत होता. "एक दिवस! सगळं आयतं पदरात पडलं असतं तुझ्या! आणि तू—"

"सोडा रे, बाप गेलाय त्याचा," कुणीतरी म्हणालं. वहिनीनं भिंतीवरची नजर काढून मुलाकडे पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे.

फौजदारांनी धाकट्याला गाडीत बसवलं. दार लावायच्या आधी त्यानं बाईला हाक मारली.

"बाई, काल दादा तुमच्याशी एकटा बोलला ना? काय बोलला? जास्त नको, एवढंच सांगा. शिव्या दिल्या का मला?"

एका वाक्यात ती त्याला सगळं देऊ शकली असती. दादांनी तेच तर सांगितलं होतं, उद्या सकाळी त्याला सांगा. सकाळ झाली होती. पण 'आधी घरी सांगतो' असंही म्हणाले होते, आणि ते घरी सांगून झालं की नाही हे सांगणारा माणूस लाद्यांना टेकून बसला होता. शिवाय शेजारी फौजदार कान टवकारून उभे. यांच्यासमोर उच्चारलेला शब्द म्हणजे जबाब.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली.

धाकट्यानं मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. गाडी गेली.

४

"तुमचं ते गुपित त्या माणसाच्या गळ्याला फास लावणार, बाई," फौजदार दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत येऊन म्हणाले. "काय बोलला म्हातारा?"

"मी आज हे फोडलं, तर उद्या या खोलीत खरं बोलायला कोण येईल?"

"आणि नाही फोडलंत तर?"

तिनं पाण्याचा जग त्यांच्याकडे सरकवला. फौजदार ग्लासभर पाणी प्यायले. "माझ्याकडे भांडण आहे, किल्ली आहे, खुंटी आहे. माझं काम झालंय. बघा तुमचं."

ते गेल्यावर तिनं दाव्याचे कागद काढले. परवानगी देणारा गेला. पण दावा दादांनी बायकोच्या बरोबरीनं लावला होता, दोघांच्या नावानं. म्हणजे आता त्या बाजूचा शब्द वहिनीचा. आणि न्यायाधीशांना कळवायचंच होतं: मध्यस्थी पुढे चालवायची, की दावा परत न्यायालयात? हे विचारायला तिला सगळ्यांच्या दारात जायची मुभा होती.

तिनं मनाशी ठरवलं. 'त्या संध्याकाळी कुठे होतात' हे फौजदारांचं विचारून झालंय. आपण वेगळंच विचारायचं. दादा जगले असते तर दुसऱ्या दिवशी काय झालं असतं असं तुम्हाला वाटतं? दादांनी ज्याला सांगितलं, त्याचं उत्तर वेगळं येईल.

आधी वकीलसाहेब. त्या भेटीच्या वेळी ते दाराबाहेरच होते, आणि त्यांचे कान लांब आहेत अशी न्यायालयात ख्याती होती.

"दुसऱ्या दिवशी?" त्यांचे डोळे चमकले. "दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला असा पिळणार होतो बाई, की बोलायची सोय नाही! मागण्यांची जंत्रीच आणली होती. कारखाना आमचा, जागा आमची, आणि त्याला फार तर जुना ट्रक. जिंकत आलो होतो हो." त्यांनी रुमालानं कपाळ टिपलं. "असा दावा पुन्हा नाही मिळायचा."

"आणि दादा?"

"हो, तेही वाईटच झालं," वकीलसाहेब म्हणाले.

तेव्हा दाराला कान लावला असता, तर दादांनी दावा सोडूनच दिलाय हे त्यांना कळलं असतं, आणि आज 'जिंकत आलो होतो' म्हणाले नसते. त्यांना काहीही ठाऊक नव्हतं.

मग पोलीस चौकीत धाकटा. जाळीमागून तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी? भांडलो असतो, दुसरं काय. पण बाई, एक कोडं सुटत नाही. त्यानं मध्यस्थी निवडलीच कशी? दादा मोडेल पण वाकणार नाही. मी रात्रभर विचार करतोय, त्याला माझ्याशी काय बोलायचं होतं?"

हा बोलून गेला आणि भिंतीला तोंड करून बसला. ती तशीच उठून बाहेर आली. राहिलं दादांचं घर.

५

वहिनीनं दार उघडलं आणि बसायला सांगायच्या आधीच विचारलं, "ते तुमच्याशी काय बोलले?"

"आधी तुम्ही सांगा. त्या संध्याकाळी घरी आले होते?"

"आले. चहा घेतला. मी कप धरला, त्यांना धरवत नाही ना. मग म्हणाले, जरा जाऊन येतो, आल्यावर तुला एक सांगायचंय. चेहरा इतका मोकळा होता बाई... मी म्हटलं, काय लॉटरी लागली की काय? तर म्हणाले, त्याहून मोठी." तिनं पदरानं नाक पुसलं. "आल्यावर म्हणे."

"कोण होतं तेव्हा घरात?"

"मी एकटी. पोरगा बाहेर होता. हा आला तेव्हा अंधार पडला होता. मी सांगितलं, अरे तुझे बाबा आले नाहीत. तसाच उलट्या पावली शोधायला गेला बिचारा. या घरात सगळं तोच करतो. मी पडले, हात मोडला, तेव्हापासून तर स्वयंपाकसुद्धा. रोज सकाळी बापाची दाढी, सदरा, बटणं. माझी वेणीसुद्धा घालतो, सांगू नका कुणाला. वाकडी घालतो, पण घालतो."

युवराज आतून चहा घेऊन आला. तीन कप, एकाही बशीत थेंब सांडलेला नाही. आईच्या खांद्यावरची शाल घसरली होती, ती त्यानं उचलून गळ्यापाशी नीट खोचली आणि मगच बसला. डोळे सुजलेले, रडलेल्या माणसाचे.

"मध्यस्थी पुढे चालवायची का, हे विचारायला आले होते," बाई म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "दावा चालेल. बाबा शेवटपर्यंत लढणार होते. त्यांची इच्छा होती ती."

"तुम्हाला तसं म्हणाले होते?"

"म्हणायला कशाला हवं? त्या संध्याकाळी तर आमची भेटच झाली नाही."

"काय झालं असतं दुसऱ्या दिवशी? तुम्हाला काय वाटतं?"

"काकांनी नाक मुठीत धरून अर्धा कारखाना दिला असता." त्यानं चहाचा कप गोल फिरवला. "मी लहान असताना आजोबांनी मला यंत्रावर बसवलं होतं. म्हणाले, हे सगळं तुझं, युवराज. तेव्हापासून तेच नाव. कॉलेज सोडलं, नोकरीला लागलो नाही. लग्नाचं विचारलं तर म्हणायचो, कारखाना आल्यावर. मित्र हसायचे. म्हणायचे, युवराज, राज्याभिषेक कधी?"

"आणि कारखाना आलाच नसता तर?"

त्यानं मान वर केली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, दुःख नाही, राग नाही, पाटी पुसल्यासारखं.

"का नसता आला?" त्यानं विचारलं.

बाईनं चहा तसाच ठेवला आणि निघाली.

६

रात्र तिनं कूस बदलत काढली. सकाळी लेकीला पाळणाघरात सोडायची घाई. लेक दारात उभी, स्वेटर घालून, आणि नेहमीप्रमाणे स्वतःची बटणं स्वतः लावायचा हट्ट करून हरलेली. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. खालून एकेक बटण लावत वर आली. शेवटचं लावताना लेकीनं आपोआप हनुवटी वर केली, डोळे मिटले. बाईनं कॉलर सारखी केली, छातीवर हलकेच थापटलं, आणि तिचा हात तिथेच राहिला.

"आई, झालं ना?" लेक म्हणाली.

झालं होतं.

स्वतःचा कोट स्वतः घालणारा माणूस वरचं बटण लावत नाही, ते गळ्याला टोचतं. घाईत, रागात, कपटानं दुसऱ्याला कोट चढवणारा तर मुळीच लावत नाही. वरचं बटण लावून कॉलर सारखी करतो तो रोज लावणारा. त्याचे हात ते डोक्याला न विचारता करतात. दादांच्या हातून बटण लागत नव्हतं. वहिनीचा हात प्लास्टरमध्ये. धाकट्यानं तर कित्येक वर्षांत दादांना हात लावला नव्हता.

नुसत्या बटणांवर फौजदार हसले असते. पण किल्ली होती. फौजदारांच्या लेखी दादांकडे किल्लीच नव्हती, म्हणून धाकट्यानं त्यांना आत घेतलं. दादांकडे किल्ली होती, हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. ते स्वतःच कुलूप उघडून आत गेले असणार, यंत्र बघायला. मग ती किल्ली गेली कुठे? सकाळी फाटकाला कुलूप होतं. धाकट्याला दादांची किल्ली घ्यायचं कारणच नव्हतं, त्याची त्याच्या खिशात होती. मेलेल्याची किल्ली लागते ती ज्याच्याकडे स्वतःची नाही, आणि ज्याला जाताना फाटक बंद करायचंय, त्याला.

आणि ते ओरडणं. 'एक दिवस दम धरवला नाही? सगळं आयतं पदरात पडलं असतं!' चार माणसांनी ऐकलं, फौजदारांनी ऐकलं, आणि शोकात माणूस काहीबाही बोलतो म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी सगळा कारखाना धाकट्याला आयता मिळणार होता, हे खरंच होतं. तेच तोंड काल म्हणालं, काकांनी नाक मुठीत धरून अर्धा दिला असता. आणि त्या संध्याकाळी बाबांची भेटच झाली नाही.

भेट झाली होती. चहा घेऊन यंत्र बघायला निघालेल्या बापाला वाटेत लेक भेटला असेल. चल, जरा आत जाऊन येऊ, असं दादाच म्हणाले असतील. कोठीच्या दाराशी कोट टांगलेले. लेकानं बापाला कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, कारण बापाला थंडी बाधते. आत गेल्यावर, लाद्यांच्या मधल्या वाटेत, दादांनी मोकळ्या चेहऱ्यानं ती लॉटरीहून मोठी गोष्ट सांगितली.

बटणं लावली तेव्हा तो मुलगा होता. बाहेर येऊन खुंटी घातली तेव्हा तो युवराज होता.

सगळं जुळत होतं, आणि तिला त्यातलं अक्षरही बोलता येत नव्हतं. बोलायची परवानगी देऊ शकणारं जगात एकच माणूस होतं. त्याची आई.

७

त्याच दुपारी वहिनी आली. मुलानंच आणली. "मी बाहेर थांबतो, आई," म्हणून तो बोळातल्या बाकावर बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला फौजदार वर्तमानपत्र उघडून बसले होते. बाईनं त्यांना बोलावलं होतं, एवढंच सांगून, की कदाचित काही कळेल, कदाचित नाही.

दार लागलं. दाराला वरती काचेचा चौकोन होता, त्यातून बोळातला उजेड यायचा.

"दादांनी जे सांगितलं ते घरी सांगायची त्यांची इच्छा होती," बाई म्हणाली. "म्हणून तुम्हाला सांगते. इतर कुणाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

आणि तिनं सांगितलं. कारखाना. यंत्र. किल्ली. धाकट्याकडून काय हवं होतं ते.

"दादा म्हणावं? एवढंच?"

"एवढंच."

"वेडा माणूस," वहिनी म्हणाली, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. हसू ओठांवर असतानाच तिच्या भुवया जवळ आल्या. बाईनं पुढे काही सांगितलं नाही. वहिनी टेबलाकडे बघत एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखी बोलू लागली.

"मला सांगितलं नव्हतं त्यांनी. वकिलांना बाहेर घालवलं. भाऊजींना तुम्ही सांगितलं नाही."

"नाही."

"मग आयतं पदरात पडणार होतं, हे तिथे कारखान्यात ओरडणाऱ्याला कुणी सांगितलं?"

वहिनीनं मान वर केली.

"तुम्ही?"

"नाही, वहिनी."

"म्हणजे ह्यांनीच." तिनं टेबलाची कड धरली. "कोट कसा होता? मी आत गेले नव्हते. मला सांगा, कोट कसा होता?"

"गळ्यापर्यंत बंद. कॉलर सारखी केलेली."

वहिनीच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. चटका बसल्यावर येतो तसा. बाईनं पाणी पुढे केलं, तिनं हातानं दूर सारलं.

"ती किल्ली... मला घरात शोधायला लावू नका."

"नाही लावणार."

"मी नाही म्हटलं तर? तुम्ही बोलायचं नाही, असं म्हटलं तर?"

"तर मी जन्मभर गप्प राहीन. तसा शब्द दिलाय."

"आणि भाऊजी?"

बोळात कुणीतरी खोकलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"तुम्हाला मूल आहे?"

"मुलगी आहे."

"मग तुम्हाला विचारत नाही, माझ्या जागी काय केलं असतंत. तुम्हाला खोटं बोलावं लागेल." वहिनी उठली, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "नवरा गेला. आता पोरही द्या म्हणताय."

"मी काहीच म्हणत नाही, वहिनी."

"तेच तर! कुणीच काही म्हणायचं नाही, सगळं माझ्याच तोंडून यायला हवं. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही निवडा. तुम्ही म्हणता, तुम्ही ठरवा. हे म्हणाले, आल्यावर सांगतो." तिचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. "दोन वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, काहीही कर देवा, पण याला ठेव. माझंच मागणं."

मग तिनं पदर सारखा केला.

"सांगा. त्यांचं बोलणं त्यांच्या भावापर्यंत जाऊ दे. सगळं. जसं बोलले तसं. मला मात्र ऐकायला बसवू नका. मी बाहेर बसते."

तिनं दार उघडलं, फौजदारांना मानेनंच आत जायला सांगितलं, आणि स्वतः बाकाकडे गेली. फौजदार आत येऊन दादांच्या खुर्चीत बसले. त्यांना माहीत नव्हतं ती कुणाची खुर्ची.

"बोला, बाई."

या खोलीत इतक्या वर्षांत तिनं किती गुपितं ऐकली होती, पण एकही कधी दुसऱ्याच्या कानात घातलं नव्हतं. काचेतून तिला बाक दिसत होता. वहिनी मुलाला अगदी खेटून बसली आणि तिनं त्याचं मनगट हातात घेतलं. आईला आधार हवाय असं त्याला वाटलं असावं; तो आणखी जवळ सरकला, वाकून काहीतरी विचारू लागला. वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, आणि मनगटावरची तिची बोटं पांढरी पडेपर्यंत आवळत चालली होती.

"दादा म्हणाले," बाईनं सुरुवात केली.